ती. आई-बाबांना: ज्वारी, संत्री आणि लाकडी पिंप

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

पोळा झाला, म्हणजे ज्वारी आता निसवली असेल. परवा फोनवर बाबांनी बरंच विचारलं, पण मागून आईचं "ठेव फोन" चालू होतं, त्यामुळे धड काही सांगता आलं नाही. आधी मागणं सांगून टाकते: यंदा आपल्या शेतातली एक पोतं ज्वारी आणि मृग बहाराची दोन-चार कॅरेट संत्री मला हवी आहेत. मी काम करते त्या ब्रुअरीतल्या, म्हणजे बियरच्या कारखान्यातल्या, बियरसाठी. विकत, बाजारभावाने, पावती करून.

आई, कागद खाली ठेवू नकोस. पुढे वाच.

बेल्जियममध्ये एनो नावाचा शेतीचा प्रांत आहे. तिथले शेतकरी पूर्वी हिवाळ्यात, हाताला काम नसताना, घरच्या धान्याची बियर करून ठेवायचे आणि उन्हाळ्याच्या हंगामात सालदारांना, मजुरांना प्यायला द्यायचे. तुर्प गावची द्युपाँची ब्रुअरी १८४४ पासून अशीच एका शेतावर चालत आली आहे. ज्याच्या शेतात जे पिकलं ते त्याच्या बियरमध्ये: कुठे गहू, कुठे ओट. एकाची चव दुसऱ्यासारखी नसायची आणि कोणी तशी अपेक्षाही करत नसे. मला यातलं हेच आवडतं. आज पुण्यात बाटलीबंद बियर घ्या नाहीतर दिल्लीत, चव तीच.

बाबा, तुम्ही म्हणालात, ज्वारीला मोड आणून का घेत नाही. घेता येतात. पण कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात ना, ते विष ज्यातून तयार होतं तो पदार्थ ज्वारीच्या कोंबातही असतो. मोड आणून दाणे वाळवायचे आणि मग कोंब चोळून काढून टाकायचे, एवढा उपद्व्याप आम्हाला सध्या करायचा नाही. मोड आणलेलं सातू, म्हणजे बार्लीचं माल्ट, आम्ही विकतच आणतो. त्यातले एन्झाइम धान्यातल्या स्टार्चची, म्हणजे पिठूळ भागाची, साखर करतात. ते ६५ अंशांच्या आसपास नीट काम करतात आणि ज्वारीचा स्टार्च तर सत्तरच्या पुढे गेल्याशिवाय नीट फुलत नाही. तेवढ्या उष्णतेत एन्झाइम फार वेळ टिकत नाहीत. म्हणून ज्वारी आधी वेगळी शिजवायची, आई ताकासोबत खायला कण्या शिजवते अगदी तशी, आणि थोडी निवली की बार्लीत मिसळायची. ज्वारीला टरफल नसतं, तिचा नुसता लगदा होतो आणि रस गाळता येत नाही. बार्लीच्या फोलपटाची गाळणी होते. म्हणून दोन्ही लागतात. नायजेरियात १९८८ साली बार्ली माल्टच्या आयातीवर बंदी आली, तेव्हा मोठमोठ्या ब्रुअऱ्यांना ज्वारीवर यावं लागलं. म्हणजे आपलं धान्य या कामात काही नवखं नाही. बियरला कडवटपणा देणारी फुलं, म्हणजे हॉप्स, मात्र आपल्या उन्हात होणार नाहीत. ते जर्मनीतूनच येतात.

आता पिंपाचं. बियर आम्ही ओक नावाच्या विलायती झाडाच्या लाकडी पिंपात मुरवतो. त्यावर तुम्ही विचारलंत, "ओक कायले? आपला सागवान काय वाईट हाय?" वाईट नाही, बाबा. सागवानाचा जो तेलकटपणा त्याला वाळवीपासून वाचवतो, तोच बियरमध्ये उतरेल, ही आमची धास्ती आहे. पांढऱ्या ओकची छिद्रं आतून आपोआप बुजलेली असतात, त्यामुळे पिंप गळत नाही. शिवाय आतून शेकलं की व्हॅनिलासारखा वास देतं. आम्ही नाशिकच्या एका वायनरीकडून वापरलेली पिंपं घेतली आहेत, प्रत्येकी २२५ लिटरची. लाकडातून हवा अगदी थोडी थोडी आत जाते, आणि तेवढ्या हवेवर एक जंगली यीस्ट जगतं, ब्रेटानोमायसिस. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीतल्या क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये ते जगासमोर मांडलं. साध्या यीस्टने सोडून दिलेली साखर ते महिनोन्‌महिने चघळत बसतं. ब्रसेल्सच्या आसपासची लॅम्बिक बियर एक ते तीन वर्षं अशी पिंपात पडून असते आणि मग जुनी-नवी एकत्र करून बाटलीत भरतात. ती आंबट लागते, थोडी गोठ्यासारखी वासाची. गोठा ऐकून नाक मुरडू नका, लोक त्याचेच पैसे देतात.

ब्रसेल्सचा गारवा मात्र आपल्याकडे नाही. हवा जास्त मिळाली आणि ऊन वाढलं की बियरचं व्हिनेगर होतं. आपल्या गावच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात पिंप ठेवलं तर आईला लोणच्याला उपयोगी पडेल, बाकी काही नाही. म्हणून इथे त्या खोलीला वेगळा एसी आहे आणि विजेचं बिल बघून मालकाचं तोंड आंबट होतं.

संत्र्याची फक्त वरची पातळ साल वापरणार. पांढरा भाग कडू लागतो. फळ लहान असलं तरी चालेल, ज्याला व्यापारी हात लावत नाही ते. फक्त कोळशी, म्हणजे सालीवर काळी बुरशी, आलेलं नको. आणि विहिरीजवळच्या ज्या झाडांचं फळ द्याल, त्यांच्यावर तोडणीआधी फवारणी करू नका. सालच वापरायची आहे. ज्वारीही पावसात भिजून काळी पडलेली नको, बुरशी लागलेलं धान्य आम्ही घेत नाही. यातून बगीचा तरणार नाही, हे मलाही कळतं. दोन-चार कॅरेटने काय होतं! पण यंदाच्या पिंपांवर कुठलं धान्य, कुठलं फळ ते लिहायचं आहे, आणि मला तिथे दुसऱ्या कुणाचं गाव लिहावंसं वाटत नाही.

आई, आता तुझं. दारू ती दारूच, हे तुझं म्हणणं मी खोडत नाही. या बियरमध्ये पाच-सहा टक्के अल्कोहोल असतं. कमी आहे, पण आहे. ही आरोग्याला चांगली असते, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस, मीही सांगणार नाही. मामाचं काय झालं ते मी पाहिलंय, आणि नाल्याकाठच्या भट्ट्या फोडायला तू गावातल्या बायांसोबत गेलीस तेही. सेवाग्रामच्या आपल्या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. त्यामुळे ही बियर आपल्या घरी कधी येणार नाही, आणि मला ती आणायचीही नाही. फक्त "लोकायले काय सांगू वो माय" म्हणून तू सगळ्यांना मी ज्यूसच्या कंपनीत आहे असं सांगतेस, ते थांबव. मावशी मला आंब्याच्या रसाचा डबा मागत होती.

बाबांचा होकार मी धरून चालले आहे. पण बगीचा आणि खालचं वावर, दोन्हींचा सातबारा आईच्या नावावर आहे, म्हणजे पावतीही तिच्याच नावाने होईल आणि पैसेही तिच्याच खात्यात जातील. तेव्हा आई, दसऱ्यापर्यंत पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठव, नाहीतर नाही म्हण. नाही म्हणालीस तर संत्री काटोलहून घेईन आणि दिवाळीला येईन तेव्हा हा विषय काढणार नाही.

बाबा, गुडघ्याचं औषध संपलं असेल तर नाव लिहून पाठवा.

तुमची,
वैशू