सनद भिंतीवरच राहू दे

॥ श्री ॥
अमळनेर, रविवार

चि. ताई हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आप्पा, कंपनीत पगारी वकील म्हणून रुजू झाल्यावर वकिलीची सनद स्थगित ठेवावी लागेल," आणि मी नुसतं "बरं" म्हणून फोन तुझ्या आईकडे दिला. तुला वाटलं असेल, आप्पा रागावले. तसं काही नव्हतं. समोर भिंतीवर तुझी सनद आहे, फ्रेम केलेली. तिच्याकडे बघत बसलो आणि शब्दच सुचेनात. सगळं आयुष्य दुसऱ्यांचे दस्त लिहिण्यात गेलं, पण तोंडाने बोलायचं म्हटलं की माझं असं होतं. म्हणून लिहितो.

गावात बातमी पसरली, हे सांगायला नको. तुझ्या आईने एका शेजारणीला सांगितलं, तेवढं पुरतं. सकाळी रजिस्ट्रार ऑफिससमोर टेबल मांडत नाही तोच चहावाला विचारतो, "आप्पा, पोरनी वकिली सोडी दिधी का?" आपल्या जळगाव जिल्ह्यात वकील म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे उज्ज्वल निकम येतात. काळा कोट, भरलेलं कोर्ट, बाहेर टीव्हीवाले. कोर्टात उभा न राहणारा वकील त्यांना शेतात न जाणाऱ्या शेतकऱ्यासारखा वाटतो. मी म्हटलं, "सोडली नाही रे. भांडण कोर्टात जाऊच नये, ह्याचं काम धरलंय तिनं." तो म्हणाला, "मंग पगार कसाना?" म्हणजे पगार कशाचा. ह्याचं उत्तर तू पुढच्या खेपेला येशील तेव्हा त्याला दे.

नियम मी बाररूममधल्या एका साहेबांकडून वाचून घेतला. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा ४९ वा नियम. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की आपल्या बार कौन्सिलला कळवायचं आणि नोकरी असेतो वकिली थांबवायची. रुजू झालीस की त्याच आठवड्यात महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे अर्ज कर आणि पोच जपून ठेव. "नंतर बघू" म्हणणाऱ्यांची पुढची तारांबळ मी माझ्या टेबलावर रोज बघतो. जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीला सात वर्षांची वकिली लागते, त्यात ही नोकरीची वर्षं धरायला मिळतील ह्या भरवशावर राहू नकोस. तुझ्या आईच्या मनात तू जज्ज व्हावंस हे अजून आहे. खालच्या कोर्टाच्या परीक्षेला सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली, ती तीन वर्षं तू पुण्यात त्या चेंबरमध्ये फायली वाहून पुरी केलीस, असं ती सगळ्यांना सांगत असते. मी तिला समजावलं नाही. तू बघ.

आणखी एक गोष्ट त्या साहेबांनी सांगितली, ती मला जास्त महत्त्वाची वाटली. ३१ ऑक्टोबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने वकील-अशिलाच्या बोलण्याला जे संरक्षण मिळतं, ते कंपनीच्या पगारी वकिलाला नाही. कलम १३४ चा थोडा आधार आहे, पण मालक आणि तू यांच्यातलं बोलणं त्यात येत नाही. म्हणजे साहेबाला पाठवलेली तुझी मेल उद्या कोर्टात वाचली जाऊ शकते. तेव्हा रागाच्या भरात, थट्टेत, अर्धवट माहितीवर काही लिहू नकोस. आणि प्रकरण वाढणार असं दिसलं की बाहेरचा वकील वेळेत धर, पैसे वाचवायच्या नादात उशीर करू नकोस.

आता माझी एक चूक सांगतो. तुला कधी सांगितली नव्हती.

मी टेबलावर नवा होतो. बोरीकाठच्या एका जमिनीचं खरेदीखत आलं. घाईचं काम, त्याच दिवशी नोंदणी हवी. मी जुना दस्त मागितला आणि त्यातली चतुःसीमा, म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंना काय आहे ते, उतरवून काढली. दक्षिणेस गाडीरस्ता, असं जुन्यात होतं, तेच मी लिहिलं. लिहून देणार, लिहून घेणार, दोन साक्षीदार, सगळ्यांनी अंगठे-सह्या केल्या. नंतर कळलं, मधल्या काळात पोटहिस्से पडले होते, फेरफार झाला होता आणि गाडीरस्ता केव्हाच दुसऱ्याच्या वाट्यात गेला होता. घेणाऱ्याला पेरणीला बैल न्यायला वाट उरली नाही. दावा पडला. अकरा वर्षं. कोर्टात मला साक्षीला बोलावलं तेव्हा समोरच्या वकिलाने एवढंच विचारलं, "तुम्ही जागेवर गेला होतात का?" मी नाही म्हटलं. त्या माणसाने मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. बाजारात भेटला की राम राम करायचा. ते जास्त लागायचं.

त्यानंतर मी सातबारा आणि फेरफार बघितल्याशिवाय चतुःसीमा लिहिली नाही. शंका असली तर सायकल काढून बांधावर जायचो. लोक हसायचे, हा बाँड रायटर आहे का तलाठी.

तुझ्या नव्या ऑफिसातही जुने मसुदे असतील. संगणकात फाइल उघडायची, नाव बदलायचं, तारीख बदलायची, झालं. तसं करण्याआधी कारखान्यात जा. पहिले दोन महिने तुझी खुर्ची रिकामी दिसली तरी चालेल. गेटवर वजनकाटा कोण बघतो, माल आला की कोण सही करतो, खराब निघाला तर परत कसा जातो, स्टोअरमधला माणूस कोणत्या वहीत लिहितो, हे बघ. तुमच्या चाकणच्या कारखान्यात माल नापसंत करायला प्रत्यक्षात तीन दिवस लागत असतील आणि करारात चोवीस तास लिहिलेले असतील, तर तो करार भांडणाच्या दिवशी तुझ्याच कंपनीला बुडवेल. फोरमनशी जेवायच्या सुट्टीत बोल. कामगार कायद्याच्या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. त्यांचा अर्थ तुला पुस्तकातून कळेल, पण हजेरीत आणि ओव्हरटाइमच्या पत्रकात त्यांचं काय होतं, ते कारखान्यातच कळेल.

चेक परत आला तर काय करायचं, ते मी तुला काय सांगणार. तीस दिवसांत नोटीस, पंधरा दिवस वाट, मग महिन्याच्या आत फिर्याद. कलम १३८ तुला पाठ आहे. पण चेक परत आल्याचं अकाउंटवाला तुला पंचविसाव्या दिवशी सांगेल, हे धरून चाल. त्याच्याशी आधीच गोडी ठेव.

दुसरी गोष्ट नाही म्हणण्याची. आमच्या ओळीत सहा टेबलं होती. एकदा एक सावकार एका शेतकऱ्याला घेऊन आला. पैसे व्याजाने दिलेले, पण कागद खरेदीखताचा हवा. गहाणखत नको म्हणे. शेतकऱ्याला ठाऊक होतं, तरी मान हलवत होता, पोरीचं लग्न अंगावर आलेलं. मी लिहिलं नाही. सावकार उठला आणि पुढच्या टेबलावर गेला. अर्ध्या तासात दस्त तयार. (पुढे २०१४ चा सावकारी कायदा आला, त्यात अशी जमीन परत मिळवायची वाट झाली, पण ते खूप नंतर.) मी नाही म्हणून काय साधलं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. महिनाभर त्या सावकाराची माणसं माझ्याकडे स्टॅम्प घ्यायलासुद्धा आली नाहीत. तुझ्या आईने विचारलं, तुमच्या नाही म्हणण्याने त्याची जमीन वाचली का? वाचली नाही.

तुझ्याकडेही असं येईल. ३१ मार्चच्या संध्याकाळी सेल्सवाला कागद घेऊन उभा राहील. तू नाही म्हटलंस तर साहेब बाहेरच्या वकिलाकडून हवं तसं मत मागवतील. ते पुढचं टेबल. म्हणून नुसतं नाही म्हणून थांबू नकोस. मी तेव्हा चुकलो ते इथे. मी त्याला गहाणखत लिहून देतो म्हणायला हवं होतं, मुदत किती, व्याज किती, तेही बोलून घ्यायला हवं होतं. मी फक्त हात वर केले. तू दुसरा रस्ता काढून दे. मग हळूहळू तुला सहीच्या आदल्या रात्री न बोलावता बोलणी सुरू होतानाच बोलावतील. माझ्या मते तुझी बढती तीच, हुद्दा काय लागेल तो लागो. आणि सगळं करूनही ऐकलं नाही, तर आपलं मत दोन ओळींत लेखी दे आणि गप्प बस.

मामाचं तुला माहीत आहेच. जळगावच्या एमआयडीसीत चटया विणणारा माणूस, मोठ्या कंपनीला माल देतो. करारात पैसे नव्वद दिवसांनी, वाद झाला तर लवाद त्यांचाच एमडी नेमणार आणि बैठक दिल्लीला. त्याने न वाचता सही केली, आणि करार वाचला असता तरी केली असती. २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो की लेखी करार असला तरी सूक्ष्म-लघु उद्योगाला पंचेचाळीस दिवसांच्या वर थांबवता येत नाही. वर थांबवलं तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. लवाद एका बाजूने एकट्याने नेमता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने पुन्हा सांगितलं. मामाला हे सगळं माहीत आहे. तक्रार करत नाही, कारण पुढची ऑर्डर जाईल. आता ते नव्वद दिवसांचं कलम लिहायला तुझ्यासमोर येणार आहे. तिथे मामाचं नाव काढू नकोस, कोणी हसेल. मुदत टळली की आयकर कायद्याप्रमाणे ते बिल पैसे प्रत्यक्ष दिलेल्या वर्षातच खर्चात धरता येतं, हे फायनान्सवाल्याला दाखव. तो लगेच ऐकेल.

शेअर्सचं. आपल्या गावाला तो नाद जुना. १९४५ साली इथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिची विप्रो झाली, आणि ज्यांच्या आज्यांनी कागद जपून ठेवले त्यांची घरं बघ. तुझी कंपनी बाजारात नोंदलेली आहे. कंपनीतली आतली माहिती वापरून शेअर घेऊ-विकू नयेत, हा शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीचा नियम तुला लागेल, आणि तुझ्यामुळे घरालाही लागू शकतो. दिवाळीत काका विचारतील, "काय, घ्यायचा का तुमचा शेअर?" मी आधीच सांगून ठेवलंय, ताईला हे विचारायचं नाही. तूही मला काही सांगू नकोस.

तू व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं नेमणूकपत्र चष्मा लावून दोनदा वाचलं. कलम अकरा बघ. नोकरी तू सोडलीस तर नव्वद दिवसांची नोटीस, कंपनीने काढलं तर तीस. दोन्हीकडे सारखी करून माग. आणि बदली "कंपनीच्या गरजेनुसार कोठेही" लिहिलंय, त्यात कोठेही म्हणजे कोठे, ते मेलवर विचारून घे, तोंडी नको. हे विचारायला लाजू नकोस. तुला त्यांनी कागद वाचायलाच तर घेतलंय.

सनद मी काढणार नाही. फ्रेमची काच खालून तडकली होती, काल बदलून आणली.

चंपाषष्ठी झाली, तू आली नाहीस. उद्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पिशवी पाठवतोय. भरताची वांगी आणि कळण्याचं पीठ. तुमच्या इमारतीत जाळायला कपाशीच्या पऱ्हाट्या कुठून मिळणार, गॅसवरच भाज, पण मंद आच ठेव. सकाळी सहाला स्वारगेटला गाडी येते, ड्रायव्हरचा नंबर आई पाठवेल.

तुझा,
आप्पा