बॅटरीच्या बातमीत मेगावॅट-अवरसुद्धा छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोलर आणि बॅटरीच्या बातम्या आता सारख्या येतात, आणि बहुतेक बातम्यांत एकच आकडा असतो, अमुक मेगावॅटची बॅटरी. ती चालणार किती वेळ, ते कुठंच नसतं. मेगावॅट म्हणजे बॅटरी एका वेळी किती लोड ओढू शकते ते, आणि तिच्यात एकूण किती वीज साठते ते मेगावॅट-अवरमध्ये मोजतात. छत्तीसगडमध्ये राजनांदगावला सोलर प्लांटला जोडलेली बॅटरी 40 मेगावॅटची आणि 120 मेगावॅट-अवरची आहे, म्हणजे फुल लोडवर 3 तास. ऑस्ट्रेलियात हॉर्न्सडेलची बॅटरी 2017 ला सुरू झाली तेव्हा 100 मेगावॅट आणि 129 मेगावॅट-अवर होती, म्हणजे फुल लोडवर सव्वा तासापेक्षा थोडं जास्त. नुसते मेगावॅट वाचले तर ऑस्ट्रेलियाची अडीच पट मोठी वाटते, साठा बघितला तर दोन्हीत फारसा फरकच नाही.

आणि हे कोल्हापूरच्या वाचकाला कळणार नाही असं म्हणूच नका. पावसाळ्यात तुम्हीच रोज छापता की राधानगरीतून इतक्या क्युसेकचा विसर्ग आणि धरणात इतके टीएमसी पाणी. किती जोरात सुटलंय आणि किती साठलंय हे दोन वेगळे आकडे आहेत हे इथं शाळेतलं पोरगंसुद्धा सांगतं, 11,574 क्युसेकनं सलग 24 तास पाणी गेलं की 1 टीएमसी होतं. विजेचंही तसंच, 1 किलोवॅटचा लोड 1 तास चालला की 1 युनिट, आणि लाईट बिलावरचं युनिट म्हणजेच किलोवॅट-अवर.

हे कळलं नाही की घरात खरोखर पैसे जातात, म्हणून एवढं लिहितोय. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, 3 किलोवॅटला 78,000 रुपये सबसिडी आहे, त्यामुळं गल्लोगल्ली पॅनेल लागतायत ही चांगलीच गोष्ट आहे. पण 3 किलोवॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण 12 युनिट देतं आणि आपल्याकडच्या जुलैच्या झडीत त्यापेक्षा खूपच कमी, हे कोटेशनवर कोण लिहितं? बॅटरी विकताना तर सरळ "5 किलोवॅटची बॅटरी" म्हणून सांगतात. स्टिकर बघा, 51.2 व्होल्ट 100 ॲम्पिअर-अवर असेल तर गुणाकार करा, 5120 वॅट-अवर, म्हणजे 5 युनिटच्या थोडं वर साठा. ती लोड किती घेणार हा वेगळा प्रश्न, तो इन्व्हर्टरवर आणि बॅटरीच्या करंटवर ठरतो. इन्व्हर्टर दीड किलोवॅटचा असेल तर 2 किलोवॅटचा गिझर चालणारच नाही, बॅटरी फुल चार्ज असली तरी. उलट पंखे, दिवे, वायफाय मिळून 200 वॅट असेल तर त्याच बॅटरीवर पूर्ण रात्र निघून दुसऱ्या दिवशीही बराच वेळ चालतं. घरोघरी असते ती 12 व्होल्ट 150 ॲम्पिअर-अवरची पाण्याची बॅटरी कागदावर 1.8 युनिटची, पण ती दरवेळी तळापर्यंत उतरवली तर लवकर बाद होते, म्हणून सगळा साठा हिशोबात धरू नये.

अजून एक, साधं ऑन-ग्रिड सोलर, म्हणजे बॅटरीशिवाय थेट विजेच्या लाईनला जोडलेलं, लाईट गेली की बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ते मुद्दाम तसंच बनवलेलं असतं. 2019 आणि 2021 च्या महापुरात इथल्या कितीतरी भागात दिवसच्या दिवस लाईट नव्हती, त्यामुळं पुरासाठी म्हणून सोलर घेणाऱ्यानं बॅटरी आणि लाईट नसताना चालणारा इन्व्हर्टर मागूनच घ्यायला हवा.

माझी विनंती एवढीच की बॅटरीची बातमी देताना मेगावॅट आणि मेगावॅट-अवर दोन्ही आकडे द्या, आणि प्रेसनोटमध्ये एकच असेल तर बातमीदारानं फोन करून दुसरा विचारून घ्यावा.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर