जिल्ह्याच्या सरासरीत आमचे खोरे दिसत नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जिल्ह्यात पावसाने सरासरी ओलांडल्याची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात ठळकपणे प्रसिद्ध झाली. त्यातील आकडे चुकीचे होते असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्या सकाळी ती वाचली त्या सकाळी दर्यापूर तालुक्यातील माझ्या शेतात पावसाच्या खंडाचा एकोणिसावा दिवस होता आणि सोयाबीनने माना टाकल्या होत्या. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा ठरतात, हे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

अमरावती जिल्ह्यात दोन हवामाने नांदतात. उत्तरेला गाविलगडच्या डोंगररांगेत सुमारे १,१०० मीटर उंचीवर चिखलदरा आहे, जेथे वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि कॉफीची झाडेही वाढतात. तेथून सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटर दक्षिणेला पूर्णेचे सखल खोरे लागते, आणि तेथे त्या पावसाच्या निम्म्याच्या आसपास पाणी मिळाले तरी आम्ही साल बरे गेले असे म्हणतो. डोंगरावर झड लागली की जिल्ह्याचा आकडा वर चढतो, आणि आमची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, मात्र कोरडीच राहते. त्या डोंगराचे ऋण मी नाकारत नाही. त्याच्या पायथ्याच्या शहानूर धरणाचे पाणीच आमच्या खारपाणपट्ट्यातील अनेक गावे पितात, कारण आमच्या विहिरींचे पाणी खारट आहे. परंतु प्यायला पाणी आले म्हणजे शेताला पाऊस मिळाला, असा हिशेब मांडता येत नाही.

सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरांमधील हे खोरे अर्धशुष्क का, याचे उत्तर दोन्ही समुद्रांकडे पाहिल्यावर मिळते. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीवर रिते होतात. बंगालच्या उपसागरावरून येणारे गडचिरोली, गोंदिया, भंडारा भिजवून पश्चिमेकडे सरकतात, तोवर त्यांचा जोर ओसरलेला असतो. आमच्या वाट्याला दोन्हीकडचे उरलेले येते. शिवाय अर्धशुष्क हा शब्द केवळ कमी पावसासाठी वापरला जात नाही. पडणारा पाऊस आणि हवेची पाणी ओढून घेण्याची क्षमता यांचे गुणोत्तर ०.२ ते ०.५ या मर्यादेत असले, तर त्या प्रदेशाला अर्धशुष्क म्हणतात. म्हणजे हवा वर्षभरात जेवढे पाणी मागते त्याच्या निम्मेही आकाशातून येत नाही. म्हणूनच आमचे हवामान जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मोजून संपत नाही, उरलेले आठ महिने हिशेबाची दुसरी बाजू लिहीत असतात.

ती बाजू उन्हाळ्यात उघड्या डोळ्यांनी दिसते. मार्चपासून पश्चिमेचा कोरडा वारा खोऱ्यात शिरतो, मे महिन्यात दुपारचे तापमान ४२ अंशांच्या घरात असते आणि मेअखेरचा नवतपा येईपर्यंत ते अनेकदा ४५ अंशांच्या वर गेलेले असते. मे २०२४ मध्ये शेजारच्या अकोल्यात उष्णतेमुळे जमावबंदीचे कलम १४४ लावावे लागले होते. या दिवसांत काळ्या मातीला पडलेल्या भेगा एकदा येऊन पाहाव्यात. गेल्या वैशाखात माझ्या नातवाने पऱ्हाटीची एक काडी भेगेत सोडली, नंतर स्वतःचा हात कोपरापर्यंत आत घातला, तरी ती त्याच्या बोटांना लागली नाही. तेवढ्या खोलवरची ओल त्या वाटेने उडून गेलेली असते.

मृगाचा पहिला पाऊस आधी या भेगा भरतो. त्यानंतर चिकणमाती फुगते, भेगा मिटतात आणि जमिनीचे तोंड बंद होते. मग दोन तासांत कोसळलेला साठ मिलिमीटर पाऊस धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, नाल्यात जातो. तोच साठ मिलिमीटर तीन दिवसांच्या झडीने आला, तर मुळापर्यंत मुरतो. वार्षिक बेरजेत मात्र दोन्ही पाऊस सारखेच. मी २००३ पासून अंगणातील पर्जन्यमापकावर रोज सकाळी साडेआठ वाजता मोजणी करून वहीत लिहितो, आणि त्याआधीची, अगदी १९७२ च्या दुष्काळातीलही, माझ्या वडिलांच्या हातची नक्षत्रवार नोंद आमच्या घरात आहे. त्यांनी मिलिमीटर कधी लिहिले नाहीत. ‘आर्द्रा बरी, पुष्य वाहून गेला, मघा कोरडी’ एवढेच ते लिहीत. परंतु पीक का गेले हे जिल्ह्याच्या सरासरीपेक्षा त्या एका ओळीतून मला अधिक नेमके कळते.

२०२३ चे साल आठवावे. २२ जुलैला शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत इतका पाऊस कोसळला की शेतांतली माती खरडून गेली आणि गावांत पाणी शिरले. पुढचा ऑगस्ट महिना देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ज्या महिन्यात सोयाबीनला फुले आणि शेंगा धरतात तोच महिना कोरडा गेल्यावर जुलैच्या पुराची बेरीज शेतकऱ्याच्या काय कामाची? आमच्याकडे विहिरीचे खारे पाणी पिकाला देता येत नाही, दिले तर जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि नापीक, होते. ज्याचे शेततळे आहे तो एखाद्या पाण्यावर पीक तगवतो, इतरांना आभाळाकडे पाहावे लागते.

हिवाळ्याविषयी थोडक्यात लिहितो. कोरड्या, निरभ्र हवेमुळे जानेवारीत दुपारी ३० आणि पहाटे १०-१२ अंश असा फरक नेहमीचा आहे आणि हरभऱ्याला ती थंडी मानवते. धुवारी, म्हणजे दाट धुके, आली की तुरीची मात्र फुले गळतात, आणि फेब्रुवारी-मार्च २०१४ सारखी गारपीट झाली तर उभा गहू आडवा होतो. या घटना सरासरीला शिवतही नाहीत.

आता माझ्या स्वतःच्या अनुभवाविषयी. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरमधील एका रात्री आमच्या शिवारात नाल्याचे पाणी माझ्या दोन एकर पऱ्हाटीवरून वाहिले आणि माझ्या मापकात ८८ मिलिमीटर पाऊस भरला. महसूल मंडळाचे मापक नऊ किलोमीटरवर आहे. तेथील नोंद ६५ मिलिमीटरच्या आत असल्याने आमच्या गावात अतिवृष्टी झालीच नाही असे ठरले आणि माझा नुकसानभरपाईचा अर्ज परत आला. तेथील कर्मचाऱ्याने नियमाप्रमाणे काम केले, त्याला मी दोष देत नाही. मोजणीच अपुरी आहे. हीच अडचण खंडाच्या बाबतीत येते. पीक विम्याच्या संदर्भात २१ दिवसांच्या खंडाचा आकडा आपण सारे ऐकत आलो आहोत. परंतु विसाव्या दिवशी तीन मिलिमीटरची भुरभुर झाली, तर २.५ मिलिमीटरच्या व्याख्येने तो पावसाचा दिवस ठरतो आणि खंड तुटतो. भेगाळू लागलेल्या जमिनीत तीन मिलिमीटर बोटभरही उतरत नाहीत. खंड मोजताना कोरड्या दिवसांबरोबर जमिनीतील ओलही मोजली जावी, अशी माझी शासनाकडे मागणी आहे.

आपल्याकडे विनंती अशी की, पावसाची बातमी देताना जिल्ह्याच्या आकड्याशेजारी प्रत्येक तालुक्याचा आकडा, पावसाचे एकूण दिवस आणि त्या हंगामातील सर्वांत लांब खंड एवढे तीन रकाने छापावेत. चिखलदरा आणि धारणी या डोंगराळ तालुक्यांचे आकडे खोऱ्यातील तालुक्यांपासून वेगळे दाखवावेत. मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली गेली असल्याने ही माहिती मिळवणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. उन्हाळ्यातही शहराच्या कमाल तापमानासोबत खोऱ्यातील एखाद्या गावाचे तापमान आणि दुपारची आर्द्रता द्यावी, म्हणजे मजुरांना वखरणीच्या, धसकटे वेचण्याच्या वेळा ठरवता येतील.

माझ्या आणि वडिलांच्या वह्या कोणा अभ्यासकाला किंवा आपल्या वार्ताहराला पाहायच्या असतील, तर त्या मी घरी केव्हाही दाखवीन. आज, हे पत्र लिहीत असताना, मापक कोरडे आहे आणि खंडाचा सव्विसावा दिवस आहे.

आपला नम्र,
एक कोरडवाहू शेतकरी
ता. दर्यापूर, जि. अमरावती