ऐंशी वर्षांचं चाक: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी इतिहास शिकवते. मागच्या महिन्यात दहावीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत फळ्यापाशी आला. खडूनं मोठा गोल काढून त्यानं त्यावर १७७५, १८६१, १९४१ अशी अमेरिकेच्या मोठ्या युद्धांची सालं लिहिली आणि चौथ्या जागी प्रश्नचिन्ह काढलं. "मॅडम, दर ऐंशी वर्षांनी मोठं युद्ध होतंच. आता आपली पाळी." हे त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं. त्याला सैन्यात जायचंय.

विल्यम स्ट्रॉस आणि नील हाउ या अमेरिकन लेखकांनी १९९० च्या दशकात मांडलेला हा विचार. साधारण वीस-वीस वर्षांचे चार टप्पे, चार स्वभावांच्या पिढ्या, चौथ्या टप्प्यात मोठं संकट. ते पाहिलेली माणसं गेली की चाक पुन्हा फिरतं. कृत, त्रेता, द्वापर, कली ऐकत वाढलेल्या आपल्याला हे चटकन पटतं. त्यात तथ्यही आहे: आजोबांनी सोसलेला घाव नातवापर्यंत पोचेस्तोवर गोष्ट होऊन जातो.

मी त्याला म्हटलं, आता आपल्या लढाया मांड. १९४७, १९६२, १९६५, १९७१, १९९९. पहिल्या चार एकमेकींना चिकटून बसल्या. १९६५ साली पाकिस्तानचे अध्यक्ष असलेले अयुब खान दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते. लढाई म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

युरोपचंही तेच. १९१४ आणि १९३९ यांत अंतर पंचवीस वर्षांचं. १९३८ मध्ये म्युनिकला एकत्र आलेले फ्रान्सचे पंतप्रधान दलादिए आणि हिटलर, दोघंही पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर लढलेले. पिढी एक, युद्ध एक, आठवण दोघांचीही ताजी. दलादिए यांना ते पुन्हा नको होतं, हिटलरला त्याचा सूड हवा होता. म्हणजे आठवण माणसाला कुठल्या बाजूला ढकलेल, हे पिढीवरून कळत नाही. त्यासाठी हरलेल्या जर्मनीवर लादलेला व्हर्सायचा तह वाचावा लागतो, १९३२ च्या जर्मनीतले साठ लाख बेकार पाहावे लागतात, १९३३ च्या जानेवारीत हिटलरच्या हाती सत्ता कुणी दिली हे विचारावं लागतं.

लुईस रिचर्डसन हे युद्धविरोधी ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवत होते. पुढे त्यांचं हवामान खातं हवाई दल सांभाळणाऱ्या हवाई मंत्रालयाकडे गेलं, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि शेकडो युद्धांच्या नोंदी जमवल्या. कोणत्या वर्षी किती युद्धं सुरू झाली, याचा हिशेब त्यांनी मांडला, तर तो योगायोगानं घडणाऱ्या घटनांच्या गणिताशी जुळला. ठरावीक फेरा काही सापडला नाही. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परत आले नाहीत. त्यांचं स्मारक गावात आहे, आणि आजही तिथली पोरं भरतीला जातात. बाप गेला म्हणून मुलगा जातो. लढायला कोण जाणार, हे पिढ्यांवरून पुष्कळसं सांगता येतं. लढाई का पेटली, ते मात्र नाही. ते दिल्लीत, लंडनमध्ये, बर्लिनमध्ये ठरत आलंय, आणि ठरवणाऱ्यांना नावं असतात. युद्ध चाकानंच येतं असं मुलांनी मानलं, तर त्या नावांना जाब कोण विचारणार? भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला तरी हे कळायलाच हवं.

म्हणून दोन मागण्या. नव्या पाठ्यपुस्तकात एखादा सिद्धांत तपासून कसा पाहायचा, यावर एक धडा असू द्या. हे ऐंशी वर्षांचं चाकच त्यासाठी घ्या. आणि १९६५, १९७१ च्या लढायांत असलेल्या माजी सैनिकांच्या आठवणी मुलांनी घरोघरी जाऊन लिहून घ्याव्यात, हा उपक्रम अंतर्गत मूल्यमापनात धरण्याचा आदेश काढा. ते जवान आता सत्तरी ओलांडलेले आहेत. आमच्या शाळेच्या गावात असे दोघे उरलेत, त्यांतल्या एकांना ऐकू येणं जवळपास थांबलंय. मुलं प्रश्न पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून नेतील म्हणतात. आदेश याच सत्रात निघावा, ही विनंती.

आपली,
एक इतिहास शिक्षिका