काढलं नाही म्हणता, तर उद्या कामावर घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नव्या कामगार संहितांवर सध्या बरंच लिहिलं जात आहे. त्यात सुटून गेलेल्या एका गोष्टीसाठी हे पत्र.

कामगाराला काढताना आता बडतर्फीचं पत्र देतातच असं नाही. गावाहून परतलेल्या किंवा ओव्हरटाइमच्या पैशांबद्दल बोललेल्या माणसाला गेटवर वॉचमन सांगतो, ‘तुझं पंचिंग बंद केलंय, साहेबांना भेट.’ साहेब भेटत नाहीत. मग गावाकडच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र जातं, ‘आपण विनापरवाना गैरहजर आहात, आपणास नोकरीची गरज नाही असे समजण्यात येईल.’ माणूस पिंपरीत खोलीवर, पत्र परभणीला. पुढे लेबर ऑफिसात कंपनीचं उत्तर तयार असतं, ‘आम्ही काढलंच नाही, तोच यायचा बंद झाला.’

डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज हा खटला नेमका असाच होता. डिसेंबर १९८० मध्ये, आठ दिवसांहून जास्त गैरहजर म्हणून स्थायी आदेशांवर, म्हणजे कंपनीच्या नोकरीविषयक नियमांवर, बोट ठेवून कंपनीने नाव कमी केलं. कामगाराचं म्हणणं, मी रोज येत होतो, गेटवरच अडवत होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सांगितलं, की चौकशी न करता, बाजू मांडू न देता असं नाव कमी करता येणार नाही. पोटापाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. कामगाराला परत घेण्याचा आणि मागच्या पगारातला निम्मा देण्याचा आदेश झाला. पण तेरा वर्षं गेली! एवढ्या काळात मुलांची शाळा, घरभाडं, दुकानाची उधारी कोणासाठी थांबते?

नोकरी सोडली असं म्हणायचं तर सोडण्याचा इरादा दिसायला हवा, नुसती गैरहजेरी पुरत नाही, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितलं आहे. जो माणूस आठवड्याच्या आत तक्रार घेऊन येतो, त्याचा नोकरी न सोडण्याचा इरादा आणखी कसा दिसायचा?

म्हणून कामगार आयुक्तांना माझी विनंती आहे. समेट अधिकाऱ्याने, म्हणजे मालक-कामगार वादात तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने, सुनावणीच्या पहिल्याच तारखेला मालकाला विचारावं, ‘काढलं नाही ना? मग उद्या पहिल्या पाळीला घेता का?’ उत्तर हो असो वा नाही, ते लेखी नोंदवावं आणि त्याची प्रत कामगाराच्या हातात द्यावी. हो म्हणूनही दुसऱ्या दिवशी गेटवर अडवलं, तर तीही नोंद व्हावी. आज तारखांवर तारखा पडतात आणि ही साधी नोंदही होत नाही.

कामगार बांधवांनीही गेटवर अडवलं त्याच दिवशी कंपनीला रजिस्टर पत्र किंवा ई-मेल पाठवावा, व्हॉट्सअॅपवर सुपरवायझरला कळवावं, पोच जपून ठेवावी. सध्याचा खोलीचा पत्ता कंपनीत लेखी द्यावा. बडतर्फीचा वाद उपस्थित करण्याची मुदत आधी तीन वर्षं होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती दोन वर्षांवर आली आहे. ‘साहेब बोलावतील’ या आशेवर थांबू नका.

आपला,
एक निवृत्त कामगार, पिंपरी