पत्रिका जुनी दिसू दे, फाटकी नको

दांडिया बाजार, बडोदे
रविवार

प्रिय वासंती,

सप्रेम नमस्कार.

तुझा व्हॉट्सअॅपवरचा लांबलचक निरोप पोळ्या लाटता लाटता ऐकला. काका-काकूंच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत आणि आमंत्रणं तू घरी, हातानं करणार, तीही १९७६ सालची वाटावीत अशी! मस्त सुचलंय तुला. उत्तर मुद्दाम कागदावर देतेय, कारण सोबत नमुने घातलेत आणि ते चाचपून पाहिल्याशिवाय कळायचे नाहीत.

तू पाठवलेल्या व्हिडिओतलं निम्मं आधी बाद कर. मेणबत्तीवर कडा जाळायच्या, कोपरे फाडायचे, वरून काळी शाई फासायची. परदेशातल्या हौशी लोकांना चालत असेल, पण आपल्याकडे कोपरा फाटलेलं कार्ड दारात आलं म्हणजे कुणीतरी गेलं. इथे गुजराती घरांत लग्नाची ती कंकोत्री आणि मरणाची काळोतरी. ती वाचायची आणि फाडून टाकायची, घरात ठेवायची नाही. माझ्या सासूबाईंना मी ते जळक्या कडांचं कार्ड दाखवलं, तर त्यांनी चष्मा वर करून पहिलं काय विचारलं असेल? "कोण गेलं गं?" तुझ्या आत्याही हेच विचारणार, आणि त्यांना समजावण्यात तुझी संध्याकाळ जाणार.

तेव्हा कागद वापरून जुना झालेला दिसू दे, नासलेला नको. हा फरक कळायला आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेतला एक मोडी कागद काढून नीट पाहिला. आजेसासऱ्यांच्या वेळचा, उभ्या पट्ट्यांत घडी घातलेला. जी पट्टी बाहेर राहिली ती तपकिरी, आतल्या अजून ताकाच्या रंगाच्या. घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे टाचणी जाईल एवढी भोकं. खालच्या उजव्या कडेला, धरायच्या जागी, तेलकट काळपट डाग. एका ठिकाणी कसरीनं वरचा पापुद्रा खाल्लाय. आणि अक्षरं? काळीकुट्ट, कारण ती काजळाची शाई, तिला काही होत नाही. म्हणजे जुनेपणा सगळीकडे सारखा येतच नाही. हात लागतो, घडी मोडते, हवा लागते, तिथे तो येतो. नवखी माणसं अख्खा कागद चहात बुडवतात आणि वर-खाली एकच रंग आलेला तो कागद अगदी खाखऱ्यासारखा दिसतो. तू कार्ड हातात घे, आधी उघड-मीट कर, बोटं कुठे पडतात ते बघ आणि तिथेच रंग लाव.

कागदाचं म्हणशील, तर तुला शोधत फिरायला नको. तुझ्या संभाजीनगरहून खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा आहेच, हातकागद अजून बनतो तिथे. मी अहमदाबादच्या कलमखुश या हातकागदाच्या केंद्रातला आणते, सुती चिंध्यांचा. पण आमंत्रणाचं मुख्य कार्ड त्याचं करू नकोस. खडबडीत कागदावर लेझर प्रिंट नीट धरत नाही. शिवाय रंगीत हातकागदाचा रंग लगद्यातच मिसळलेला असतो, कितीही घासलास तरी आतून पांढरं निघत नाही. कार्डाला २५० ते ३०० जीएसएमची (कागद किती जड ते सांगणारा आकडा), वर रंग आणि पोटात पांढरी अशी कार्डशीट घे. दुकानात कोपरा किंचित फाडून बघायला मागायचं. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे. हातकागद आतल्या पट्टीला आणि पाकिटाला वापर.

कार्डशीट घडी घातली की घडीवरून आणि चार कडांवरून पॉलिश पेपर हलका फिरव, २२० नंबरचा पुरे. पांढरी रेघ उमटते. एखाद्या कार्डशीटचा चोळामोळा करून, उघडून, उंचवट्यांवर तोच कागद फिरवलास तर सुरकुत्यांची जाळी निघते. नमुना क्रमांक एक बघ.

आता चहा. भुकटी चहा भरपूर उकळायचा, साखर-दूध अर्थातच नाही, आणि फडक्यातून गाळायचा, नाहीतर काळे ठिपके बसतात. स्पंजनं टिपायचा. थेंब पडून सुकले की त्यांची कडा गडद होते, ती राहू दे, ती खरी वाटते. प्रिंट आधी काढायचं असेल तर लेझरचंच काढ. घरच्या इंकजेटची शाई बहुतेक पाण्यात फुटते. आणि ओलसर असताना इस्त्री करशील ती मागून, फडकं घालून. लेझरची पूड उष्णतेनं वितळते, समोरून फिरवलीस तर अक्षरं इस्त्रीला चिकटतील.

कागद जुना दाखवायला रेंजर कंपनीची डिस्ट्रेस इंक मिळते, पाणी लागलं की पसरणं हाच तिचा गुण. एवढ्या कार्डांना मात्र परवडायची नाही. तपकिरी स्टॅम्प पॅड आणि भांडी घासायच्या नव्या स्पंजचा तुकडा, झालं काम. स्पंज कार्डाच्या बाहेरून आत आणायचा, म्हणजे डाग पडत नाही, छटा पडते.

पाकिटावरच्या नावाच्या पट्टीला तडे हवेत ना? तपकिरी अॅक्रिलिक लाव, सुकू दे. त्यावर फेविकॉल. बोटाला चिकटेल इतपत ओला असतानाच वरून घट्ट पांढरा अॅक्रिलिक, एका झटक्यात, परत ब्रश फिरवायचा नाही. वरचा रंग लवकर सुकून आक्रसतो, खालचा फेविकॉल अजून सरकत असतो, म्हणून रंग फाटतो. फेविकॉल जाड तर भेगा रुंद. बघत बसावं असं असतं ते, चहा गार होतो.

व्हिनेगरमध्ये लोखंडी खिळे भिजवून गंजाचं पाणी करतात, त्याच्या नादी लागू नकोस. चहातलं टॅनिन, म्हणजे त्यातलं तुरट द्रव्य, आणि लोखंड भेटलं की सुंदर करडा-काळा रंग येतो, हे खरं. युरोपातली आयर्न गॉल शाई त्याच जोडीची, आणि तिनं तिकडची कितीतरी हस्तलिखितं पोखरलीयत. काकू हे कार्ड देवघराच्या खणात जपून ठेवणार, तिथे खोटं जुनेपण खरं व्हायला नको.

हळदीनं रंगवू का, असं विचारलंस. पूर्ण कार्ड नको, उन्हात हळद उडते. चार कोपऱ्यांना हळद-कुंकवाची बोटं मात्र हवीतच, नाहीतर ती पत्रिका कसली. साबणाचा हात लागू देऊ नकोस, हळद लाल होते.

मजकूर "आमचे येथे श्रीकृपेकरून" असाच सुरू कर, "सेलिब्रेशन" वगैरे लिहिलंस तर मी येणार नाही. आणि काकूंच्या कपाटातली मूळ पत्रिका! तिला चहा, पॉलिश पेपर, गोंद, काही म्हणजे काही लावायचं नाही. खिडकीशी, फ्लॅश बंद करून सरळ वरून फोटो काढ आणि आज रात्रीच पाठव. तिच्यातली वेलबुट्टी काढून मी तुला छपाईची फाइल करून देते. भाऊजींना पाकिटं चिकटवायला बसव, निदान तेवढं तरी त्यांना येईल.

काका-काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
शुभा