दादाची स्लॅब आणि ओंकारचा सेवानिधी

प्रिय विलास,

स.न.वि.वि.

गणपतीपासून तुला एक ओळ लिहिली नाही, चूक माझीच. शुगर ताब्यात आहे, गुडघा आहे तसाच. ते राहू दे.

काल दादा आला होता, सळई आणि सिमेंटचे दर लिहिलेला कागद घेऊन. त्याचा ओंकार अग्निपथ योजनेतून चार वर्षांसाठी सैन्यात गेलेला अग्निवीर. त्याची तुकडी जानेवारी २०२३ ची, म्हणजे २०२६ संपताना त्याची चार वर्षं भरतात. सेवानिधीचे, म्हणजे चार वर्षं संपल्यावर एकरकमी मिळणारे ११.७१ लाख येणार, त्यात वरची स्लॅब आणि उरले तर जुना ट्रॅक्टर, असा दादाचा बेत. वर म्हणतो, "पोरगं पुढं कायम होणारच आहे." ही दोन्ही गणितं एकत्र बसत नाहीत रे! चारातला एकच कायम होतो. जो होतो त्याच्या हातात फक्त त्याच्या पगारातून कापलेले ५.०२ लाख आणि त्यावरचं व्याज येतं, सरकारचा तेवढाच वाटा त्याला मिळत नाही. शिवाय ही चार वर्षं पेन्शनला धरत नाहीत. आणि कापलेले म्हणजे खरंच कापलेले: पहिल्या वर्षी ३०,००० पगारातले ९,००० गेले, हातात २१,००० आले. शेवटच्या वर्षी ४०,००० तले १२,००० जातात.

आपलं जुनं भांडण आठवतं? तू म्हणायचास गाव उसावर चालतं, मी म्हणायचो पेन्शनवर. उसाचं बिल वर्षातून दोन-तीनदा, तेही कारखान्याच्या मर्जीनं. पेन्शन महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, फक्त मार्चची तेवढी एप्रिलच्या पहिल्या. त्या दिवशी किराणावाल्याची वही मिटते, मेडिकलची उधारी फिटते. तुझ्या लग्नात मामा म्हणाले होते ना, "जावई नंतर बघू, आधी व्याह्यांचं पासबुक दाखवा"! आमची बँकही तेच बघायची. पेन्शन ज्या शाखेत, तिथंच कर्ज, हप्ता परस्पर कापला जायचा. आपल्याकडची निम्मी पक्की घरं आणि इंजिनिअरिंगच्या फिया त्या कर्जावर झाल्या.

साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या तर नावातच मिलिटरी आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान गेले. अशा गावांत पेन्शन हेच पीक, आणि ते पीक आता पुढच्या पिढीला लागणार नाही. २०२४-२५ च्या संरक्षण अंदाजपत्रकात ६,२१,९४० कोटींपैकी १,४१,२०५ कोटी पेन्शनचे होते. हा आकडा वाढत जाऊ नये म्हणून अग्निपथ, हे मला कळतं. पण वाचलेला प्रत्येक रुपया कुठल्या तरी गावच्या बाजारातून जातो, हे कुणी मोजत नाही, याचा मला संताप येतो.

आता दादाला सांगायचं गणित. सतरा वर्षं नोकरी करून निघालेल्या साध्या शिपायाची मूळ पेन्शन २०१९ च्या फेरआखणीत १९,७२६ झाली. महागाई भत्ता वेगळा, माघारी बायकोला कुटुंब पेन्शन, वर कँटीनचं आणि इसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या औषधोपचाराचं, कार्ड. यातलं ओंकारला काहीच नाही. त्याचे ११.७१ लाख सात टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला ६,८०० च्या आसपास सुटतात. घरखर्चाला १२,००० काढत गेला तर बारा वर्षांत खातं रिकामं होतं, तेव्हा तो पस्तिशीत असेल. अठराव्या वर्षी भरती झालेल्या जुन्या शिपायाची पेन्शन नेमकी त्याच वयात सुरू व्हायची.

म्हणून माझं म्हणणं असं. रक्कम करमुक्त आहे, ती ओंकारच्याच नावावर राहू दे, दादाच्या खात्यात नको. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत एका नावावर नऊ लाखांपर्यंत ठेवता येतात. सध्याच्या ७.४ टक्क्यांनी महिना ५,५५० येतील, मुद्दल पाच वर्षं शाबूत. पहिल्या वर्षात ते मोडताच येत नाही, तिसऱ्या वर्षापर्यंत मोडलं तर मुद्दलातले दोन टक्के कापतात, आणि दादासाठी हे बंधन हवंच. उरलेल्या २.७१ लाखांत अवजड वाहनाचा परवाना आणि पुढचं शिक्षण. दहावीवर गेलाय, तेव्हा बारावीचं प्रमाणपत्र आणि कौशल्याचा दाखला हातात घेतल्याशिवाय त्यानं निघू नये. केंद्रीय पोलीस दलांत अग्निवीरांना जागा राखीव आहेत, पण तिथंही परीक्षा आणि मेडिकल आहेच.

ट्रॅक्टरचं तर नावच नको. हप्ता सहामाहीला येतो आणि भाड्याचं काम हंगामात दोन महिने. शेजारच्या वाडीतले तीन ट्रॅक्टर फायनान्सवाल्यांनी नेलेत.

वहिनींचा डोळा कसा आहे? धाकटीचं कॉलेज कुठं ठरलं, कळव. पुण्याची जागा विकू नकोस एवढ्यात.

माझं दादा ऐकत नाही, "बँकवाले भ्याडच" म्हणतो. तुझं ऐकतो. रविवारी फोन कर आणि पहिली गोष्ट एवढीच सांग, की सळईचा ॲडव्हान्स देऊ नको.

तुझा,
शरद